पाचोऱ्याहून मुंबईला येऊन मेट्रो ३ कशी वापरायची : दादरला उतरू नका

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. पाचोऱ्याहून आईला घेऊन येताय, मंत्रालयात एक काम, मग सिद्धिविनायक, दुसऱ्या दिवशी भावाला दुबईच्या विमानात बसवायचं, आईचे गुडघे दुखतात, आणि ती जमिनीखालची मेट्रो म्हणे आता पूर्ण सुरू झाली तर तिचा रूट काय आणि दादरला उतरून ती घेतली तर जमेल का. खालच्या दोन-तीन जणांनी "हो दादरला मेट्रो आहे" असं लिहून सोडून दिलंय. आहे हो, पण कुठे आहे ते कोणी सांगितलं नाही.

आपल्या खान्देशातल्या माणसाला दादरला उतरायची सवयच लागलेली असते. बाप उतरायचा म्हणून पोरगा उतरतो. पण मेट्रोचं दादर स्टेशन हे पश्चिमेला गोखले रोडवर, शिवसेना भवनच्या बाजूला आहे. आपली गाडी सेंट्रलच्या फलाटावर येणार, तिथून पूल चढा, पश्चिमेला उतरा, मग त्या फुलवाल्या भाजीवाल्यांच्या गर्दीतून सामान सांभाळत चालत जा. तरणा माणूस दहा-पंधरा मिनिटांत जाईल, पण गुडघे दुखणाऱ्या आईला आणि सोबत भरताच्या वांग्यांच्या पिशव्या (आणणारच ना, नातेवाइकांकडे रिकाम्या हाती कोण जातं) घेऊन सकाळी सकाळी हे करू नका. सरळ बसून राहा आणि सीएसएमटीला उतरा. विदर्भ एक्सप्रेस, पंजाब मेल या तिथपर्यंतच जातात, धुळ्याकडच्या लोकांनाही आता चाळीसगाव मार्गे थेट गाडी आहे.

सीएसएमटीला मेलगाड्या ज्या बाजूला लागतात तिकडे बाहेर पडलं की टॅक्सीवाले घेरतात, तिकडे जायचंच नाही. स्टेशनच्या आतूनच लोकलच्या फलाटांकडे चालत यायचं, महापालिकेच्या इमारतीकडे, आणि तिथल्या सबवेत शिरायचं, मेट्रोच्या पाट्या दिसतात. रस्ता ओलांडायची गरज नाही. खाली खूप खोल जावं लागतं, पण सरकते जिने आहेत आणि लिफ्ट पण आहे, आईला लिफ्टनेच न्या, सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकताना आपल्याकडच्या बायका घाबरतात आणि मागे रांग लागते. बॅगा स्कॅनरमधून जातात. तिकीट काउंटरवर रोख देऊन मिळतं, त्यावर क्यूआर छापलेला असतो, तो गेटवर दाखवायचा आणि बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायचा, बाहेर निघताना परत लागतो. मेट्रोकनेक्ट३ म्हणून अ‍ॅप आहे, पण फोनवर काढणार असाल तर वर असतानाच काढा, खाली गेल्यावर रेंजच्या भरवशावर राहू नका.

आता रूट. लाइन एकूण 33.5 किलोमीटरची, 27 स्टेशनं, त्यातली 26 जमिनीखाली आणि एकटं आरेचं वर. तुकड्या-तुकड्यात सुरू झाली, आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑक्टोबर 2024 मध्ये, तिथून वरळीला आचार्य अत्रे चौकापर्यंत मे 2025 मध्ये आणि उरलेली कफ परेडपर्यंत ऑक्टोबर 2025 मध्ये. म्हणून जुने व्हिडिओ बघून येऊ नका, त्यात अर्धीच लाइन दाखवतात. तिकीट कमीत कमी 10 रुपये आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत 70, वेळ साधारण तासभर.

दक्षिणेकडून सुरू केलं तर कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, जगन्नाथ शंकर शेठ, महालक्ष्मी, सायन्स सेंटर, आचार्य अत्रे चौक, वरळी, सिद्धिविनायक, दादर, शितलादेवी, धारावी, बीकेसी, वांद्रे कॉलनी, सांताक्रूझ, विमानतळ टी१ (म्हणजे टर्मिनल १), सहार रोड, विमानतळ टी२, मरोळ नाका, एमआयडीसी, सीप्झ आणि आरे. हे पाठ करू नका, तुमच्या कामाची यातली चार. एवढंच लक्षात ठेवा की सीएसएमटीहून मंत्रालयाला जायचं तर कफ परेडकडची गाडी आणि बाकी सगळीकडे आरेकडची.

मंत्रालयासाठी विधान भवनला उतरायचं, सीएसएमटीपासून तिसरं स्टेशन. बाहेर आलं की मंत्रालय चालत. आकाशवाणी आमदार निवास पण तिथेच, आमदाराचं पत्र घेऊन उतरणाऱ्यांची मोठी सोय झाली, आधी शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहावं लागायचं. मंत्रालयाचा पास मात्र डिजिप्रवेश अ‍ॅपवरून आधीच काढून ठेवा. हुतात्मा चौक हे हायकोर्टाचं स्टेशन, पण आपले जिल्हे पडतात संभाजीनगर खंडपीठात, त्यामुळे तिकडे आपल्या माणसाचं काम कमीच.

तिथून सिद्धिविनायक सरळ एका गाडीत, मधे बदलायचं काही नाही. मंगळवार मात्र टाळा. आपल्या एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीसारखं निवांत दर्शन तिथे एरवीही नसतं, मंगळवारी तर विचारूच नका. या वाटेत काळबादेवी-गिरगाव लागतं, वर इतक्या जुन्या चाळी आणि इमारती एकमेकींना चिकटून उभ्या की मोकळी जागाच नाही, म्हणून नेहमीसारखा रस्ता उकरून स्टेशन न बांधता आतून बोगद्यासारखं खोदत गेले. बसल्या जागी काही दिसत नाही, भिंतच दिसते, पण वर काय आहे हे माहीत असलं की जरा वेगळं वाटतं. तसंच पुढे धारावी आणि बीकेसीच्या मधे गाडी मिठी नदीच्या खालून जाते, आईला सांगा, नमस्कार करेल.

नावांचा घोळ समजून घ्या कारण इथेच लोक फसू राहिले. जगन्नाथ शंकर शेठ म्हणजे मुंबई सेंट्रल. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सुरतमार्गे येऊन मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्यांनी ही पाटी शोधायची. (नाव योग्यच दिलंय, 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली त्यात नाना शंकरशेठांचा मोठा वाटा.) आचार्य अत्रे चौक म्हणजे वरळी नाका. महालक्ष्मी स्टेशनवर महालक्ष्मीचं देऊळ नाही, देऊळ लांब समुद्राकडे आहे, टॅक्सी करावीच लागते. आणि वांद्रे कॉलनी म्हणजे वांद्रे टर्मिनस नाही, ते कालिन्याकडे विद्यापीठाच्या बाजूला, वांद्रे टर्मिनसची गाडी पकडायची म्हणून तिथे उतरलात तर गाडी गेली समजा.

विमानतळाचं. दुबईचं विमान म्हणजे टी२, तरी तिकिटावर बघाच. सिद्धिविनायकहून नववं स्टेशन. टी१ आणि टी२ च्या मधे सहार रोड येतं, तिथे विमानतळ आलं म्हणून घाईत उतरू नका. कोणी सांगेल ठाण्याला उतरा, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि मग एक स्टेशन टी२. रस्ता बरोबर आहे, एकट्या माणसाला बॅकपॅकवर चालेल, पण मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणं हे मुंबईत राहणाऱ्यालाही जमत नाही. पहाटेचं विमान असेल तर मेट्रोचा विषयच सोडा, पहिली गाडी सहाच्या आसपास आणि रात्री साडेदहानंतर बंद.

अजून एक, खाली एका ताईंनी टाटा हॉस्पिटलचं विचारलंय. ताई, टाटा आणि केईएम दोन्ही परळला, ही मेट्रो तिकडे जात नाही. तुम्ही मात्र दादरलाच उतरा आणि पेशंट सोबत असेल तर पूर्वेला बाहेर येऊन टॅक्सी करा. नायर हॉस्पिटल असेल तर जगन्नाथ शंकर शेठ स्टेशन जवळ आहे.

कुर्ला टर्मिनसच्या गाडीचं रिझर्वेशन मिळालं असेल तर तिथे मेट्रो ३ नाही, टिळकनगरला चालत जाऊन हार्बर लोकलने सीएसएमटी गाठायचं. परतीच्या तिकिटावर पण गाडी सीएसएमटीहून आहे की कुर्ल्याहून ते आजच बघून घ्या, आणि ती पाचोऱ्याला थांबते का तेही, नाहीतर अर्ध्या रात्री जळगावला उतरून आईला घेऊन परत मागे यावं लागेल.