त्या कागदावर सही करू नकोस

बाळा,

क्रूझ बोटीवरून पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मागे इंजिनाची घरघर आणि तू कुजबुजतोयस, कारण वरच्या बंकवरचा झोपलाय. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, मुलगा हवाई बघतोय. वाटू दे.

राहू की परत येऊ, असं विचारलंस. ते तुझं तू ठरव. मला खटकलं ते दुसरंच, तू घाईघाईत बोलून गेलास ते. कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांच्या तक्त्यावर विश्रांती दहा तास दाखवली, मिळाली सातच, पण सही केली, सगळेच करतात.

सगळेच करतात. मीही केली, सतरा वर्षं केली. म्हणून तर लिहायला बसलोय.

लॉस एंजेलिस ते होनोलुलू म्हणजे बावीसशेच्या आसपास सागरी मैल, चार-पाच दिवस नुसतं पाणी. बंदर नाही म्हणजे प्रवासी खाली उतरत नाहीत, साफ करायला केबिन रिकामी मिळत नाही, दाराबाहेर ट्रॉली धरून उभं राहायचं. त्यात पश्चिमेला जाताना रात्री घड्याळ तासभर मागे. प्रवाशांना सांगतात, आज एक तास जास्त झोपा. ते झोपत नाहीत, बारमध्ये बसतात. आणि खाली क्रूच्या पॅसेजमध्ये सुपरवायझर म्हणतो, चला, आज एक तास जास्त आहे, लिनन लॉकर साफ करून टाकू. दिवस पंचवीस तासांचा होतो, तक्त्यात रकाने चोवीसच.

२०१४ मध्ये अशाच एका रात्री, एक वाजून गेला होता, मळक्या चादरींची पिशवी खांद्यावर घेऊन मी क्रूच्या जिन्यावरून घसरलो. लोखंडी जिना, कडेला पिवळी पट्टी. ती पट्टी मला अजून दिसते. डावं मनगट मोडलं. डॉक्टर चांगला होता, प्लास्टर नीट घातलं. दोन महिन्यांनी घरी ऑफिसचं पत्र आलं. अपघाताआधीच्या चोवीस तासांत मला अकरा तास विश्रांती होती, त्यामुळे थकव्याचं कारण मान्य नाही, पडलो तो माझ्या बेफिकिरीने. खाली पुराव्याला तक्त्याची प्रत. त्यावर सही माझी. अक्षरसुद्धा सुंदर आलं होतं रे.

माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला मीच उभा होतो. म्हणून सांगतो, त्या कागदावर सही करू नकोस.

कायदा तुला ठाऊक असेल, कोर्समध्ये घोकून घेतलेला असतो. तरी ऐक. २००६ चं मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे बोटीवरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झालं ऑगस्ट २०१३ मध्ये, भारताने मान्य केलं २०१५ मध्ये. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७. त्या दहा तासांचे तुकडे फार तर दोन, त्यातला एक सलग सहा तासांचा. पंधरा मिनिटं जेवायला सोडलं त्याला विश्रांती म्हणत नाहीत. तक्त्याची प्रत मागणं हा तुझा हक्क आहे आणि तक्रार थेट कॅप्टनकडे नेता येते. मग बोटीवर झेंडा बहामाचा असो की पनामाचा. मी पडलो तेव्हा हा कायदा येऊन वर्ष झालं होतं. कागदावर होता. पण मीही कागदावर अकरा तास झोपलो होतोच ना?

तू म्हणशील, मामा, सुपरवायझर आपलाच आहे, गोव्याचा, त्याने मला सांभाळून घेतलंय. माझाही आपलाच होता. चवथीला बोटीवर आरत्या आम्ही दोघं मिळून म्हणायचो, तो घुमट वाजवायचा. त्या पत्रानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. त्याचीही पोरंबाळं होती, मी त्याला शिव्या देत नाही. (एके काळी देत होतो.)

त्यानंतर मी खिशात छोटी डायरी ठेवली. कामाला लागलो ती वेळ, सुटलो ती वेळ, बाकी काही नाही. तक्ता समोर आला की डायरी काढायची, चुकलेला रकाना दाखवायचा, दुरुस्त झाला तर सही. पहिल्यांदा हसले, मग वैतागले, मग माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं गेलं असणार, कारण प्रमोशन आलंच नाही. पाच वर्षं तशी काढली आणि मग आलो. वाड्यावर म्हणतात, काम झेपेना म्हणून पळून आला. म्हणू देत. मी पळून आलो नाही. कळशी डाव्या हाताने उचलवत नाही, एवढंच.

एजंटला दिलेल्या पैशांचं कर्ज आहे, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळायला हवं, सगळं मान्य. नोकरी लावून देण्याचे पैसे घ्यायलाच त्या कायद्यात बंदी आहे, पण ते आपण तू आल्यावर बोलू. भांडू नकोस, आवाज चढवू नकोस, कोणाला हुतात्मा व्हायला सांगत नाहीये मी. फक्त पेन हातात आलं की म्हण, "सर, मंगळवारचे तास चुकलेत." एवढं एक वाक्य. जीभ जड होईल. माझी सतरा वर्षं जड होती, तुला तीन महिन्यांतच सांगणारा भेटलाय, तर जरा ऐक की!

आता होनोलुलू सोडलं की पुढे वाररेषा लागेल आणि एक अख्खा वार गळेल. रात्री सोमवारी झोपशील, उठशील तो बुधवार. त्या गळलेल्या मंगळवारच्या रकान्यात तुझ्या साहेबाने किती तास विश्रांती लिहिली आहे, त्याचा फोटो पाठव. मला बघायचंच आहे.

तुझा,
मामा