बोअरच्या पाण्याने तलाव पुन्हा भरताना
जमिनीवर उभ्या केलेल्या पोहण्याच्या तलावात बोअरचे पाणी भरल्यावर लगेच क्लोरीन ओतण्याची घाई करू नका. पाण्यात लोह असेल, तर नितळ दिसणारे पाणीही क्लोरीन पडताच चहासारखे तांबूस होते. लोह तपासल्यावर क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएममध्ये (दहा लाख भागांत इतके भाग) आणा. ती कमी असल्यास १०,००० लिटरला सुमारे १७० ग्रॅम खायचा सोडा घातला की १० पीपीएमने वाढते. आपल्याकडे मात्र ती बहुधा जास्तच निघते, आणि मग पंप चालू ठेवून आम्ल थोडेथोडे सोडत पीएच ७.२ ते ७.६ वर आणावा लागतो. जुन्या पाण्याबरोबर क्लोरीनला उन्हापासून जपणारे सायन्युरिक आम्लही गेलेले असते. ते ३० ते ५० पीपीएम नसेल, तर उन्हात क्लोरीन टिकत नाही. आम्ल आणि क्लोरीन एकाच मगाने कधीही मोजू नका, विषारी वायू सुटतो.