लांबलेला जन्म आणि टळलेला जन्म

अनेक उत्तम आशीर्वाद.

देशातील जन्मांच्या आकड्यांवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तक्ते नीट आहेत, बेरजा जुळतात. माझी हरकत आहे ती मथळ्याला. जननदर उतरला आणि मातांचे सरासरी वय चढले, एवढ्यावरून 'स्त्रियांना आता मूल नको आहे' असे तू ठरवून टाकले आहेस. त्या दोन आकड्यांतून हा निष्कर्ष निघत नाही, आणि का निघत नाही हे तुला पहिल्याच अहवालाच्या वेळी उमगावे, अशी माझी फार इच्छा आहे.

एकूण जननदर कोणत्याही खऱ्या स्त्रीची मुले मोजत नाही. एका वर्षात वीस वर्षांच्या, तीस वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या स्त्रियांना ज्या दराने मुले झाली, ते सगळे दर एकापुढे एक मांडून आपण एक काल्पनिक आयुष्य उभे करतो आणि त्या आयुष्यात किती मुले होतील ते मोजतो. आता समज, प्रत्येक स्त्रीला अखेर दोनच मुले होणार आहेत, पण बाळंतपणाचे वय दर दहा वर्षांत एका वर्षाने पुढे सरकते आहे. मग दरवर्षीचे सुमारे दहा टक्के जन्म पुढच्या काळात ढकलले जातात आणि एकूण जननदर २.० ऐवजी १.८ दिसतो. एकाही घरातले मूल कमी झालेले नसते. बोंगार्ट्स आणि फीनी या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये या परिणामासाठी दुरुस्तीचे सूत्र मांडले. ते हाताने एकदा सोडवून पाहा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे आहे. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते, अशी समजूत असलेले 'हिनोए-उमा' वर्ष १९६६ मध्ये आले. १९६५ मध्ये सुमारे १८ लाख २० हजार जन्म झाले होते, ते १९६६ मध्ये सुमारे १३ लाख ६० हजारांवर आले, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या पुढे गेले. तुझा मथळा १९६६ च्या तक्त्यावर कोणी दिला असता, तर तो वर्षभरातच खोटा ठरला असता. तिथे कारण सर्वांना ठाऊक होते, म्हणून फसगत झाली नाही. चेक प्रजासत्ताकात मात्र हेच एका वर्षात नव्हे, तर अनेक वर्षांत घडले: १९९० नंतर पहिलटकरणींचे वय भराभर वाढले, १९९९ मध्ये जननदर १.१३ इतका खाली गेला, आणि २०२१ पर्यंत तो १.८ च्या पुढे आला. (त्यानंतर तो पुन्हा घसरला आहे, हेही लिहायला हवे.)

आता सरासरी वयाकडे वळू. हा आकडा दिसतो सरळ, पण फसवतो फार. एका आजीला १८, २१, २४, २८ आणि ३३ व्या वर्षी मुले झाली. तिचे बाळंतपणाचे सरासरी वय २४.८. नातीला २३ आणि २६ व्या वर्षी दोन मुले झाली. तिचे सरासरी वय २४.५. नातीने पहिले मूल पाच वर्षे उशिरा होऊ दिले, तरी सरासरी खाली आली, कारण शेवटची बाळंतपणेच गळली. भारताचा जननदर १९९२-९३ मधील ३.४ वरून २०१९-२१ मध्ये २.० वर आला, त्यात तिसऱ्या-चौथ्या मुलांचे कमी होणे हा मोठा भाग आहे. अमेरिकेत याच्या उलट टोकाला बदल झाला: १५ ते १९ वयोगटातील मुलींमध्ये १९९१ साली दर हजारी सुमारे ६२ जन्म होत असत, ते २०२३ मध्ये सुमारे १३ वर आले. कोवळ्या वयातली बाळंतपणे टळली की जन्म घटतात आणि सरासरी वय चढते. पण ती घट मला तरी वाईट बातमी वाटत नाही. शिवाय एखाद्या वर्षी तिशीतल्या स्त्रियांची पिढीच संख्येने मोठी असेल, तर कोणाचेही वागणे न बदलता जन्मनोंदींवरून काढलेली सरासरी वर सरकते.

अर्थात, सारी घट नुसती जन्म लांबल्यामुळेच आहे असे म्हणणे हीदेखील चूक होईल. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जननदर ०.७२ होता आणि मातांचे सरासरी वय ३३.६ वर्षे, एवढी खोल घट कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने कमी होते, त्यामुळे जे लांबते त्यातले काही टळतेच, आणि पाठीवरचे दुसरे मूल सर्वांत आधी हुकते. नेमके किती टळले, हे त्या पिढीने पंचेचाळिशी ओलांडल्यावरच कळते. ज्या स्त्रिया आज तीस वर्षांच्या आहेत, त्यांना मूल हवे होते की नको होते, हे त्यांच्या वतीने आपण आज ठरवून टाकू नये.

म्हणून दोन तक्ते नव्याने कर. पहिल्यात जन्म बाळाच्या क्रमानुसार वेगळे काढ आणि फक्त पहिलटकरणींचे सरासरी वय दे. दुसऱ्यात वयोगटनिहाय दर मांड, म्हणजे घट विशीच्या आधी आहे, विशीत आहे की पस्तिशीनंतर, ते दिसेल. दोन्ही तयार झाले की मसुद्यासोबत माझ्याकडे पाठव. तोवर मथळ्याची जागा कोरी ठेव.