पुरातली पातेली आठवतात, कालची भाजी का नाही?

प्रश्न : सासूबाईंना काल काय भाजी केली ते सांगता येत नाही. पण २००८च्या पुरात भांडी बाजारातल्या आमच्या दुकानातून कोणकोणती पातेली वाहून गेली, ते धडाधड सांगतात. असं कसं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, नाशकात गोदावरीच्या पुराची खूण असलेला दुतोंड्या मारुती बुडाल्यावर कुणाचं काळीज जागेवर राहतं? मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याला खेटूनच हिप्पोकॅम्पस, आठवणी मुरवणारा. भीती वाटली की अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सुटतात, अमिग्डालात नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि तो शेजाऱ्याला बजावतो : हे पक्कं ठेव. गिलक्याच्या भाजीसाठी कोण बजावणार?

१९९४मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी काही जणांना प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारी गोळी, तर काहींना औषध नसलेली गोळी देऊन अपघाताची सचित्र गोष्ट ऐकवली. आठवड्याने विचारलं, तर औषध नसलेली गोळी घेतलेल्यांना गोष्टीतला हादरवणारा भाग जास्त आठवला. खरी गोळी घेतलेल्यांना तसा नाही.

तरी पातेल्यांचा हिशोब शब्दशः खरा धरू नका. १९८६मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी लगेच विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली. काही वर्षांनी पुन्हा विचारल्यावर अनेकांची उत्तरं पार बदललेली, खात्री मात्र ठाम!

सासूबाईंशी यावरून वाद घालू नका, हे माझं खासगी मत. मात्र कालचं विसरणं अलीकडे वाढलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. कधीकधी दोष तिथेच निघतो.