दोन कार्यकाळांचा मसुदा

बाय,

तुझा मसुदा दोनदा वाचला. नगरसेवकाला दोनच कार्यकाळ, तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही. तुझ्या वयात मीही हेच म्हणत होतो. मग २२ वर्षं एका पालिकेच्या कचेरीत काढली, आणि आता जरा वेगळं म्हणतो.

आधी कायद्याचं. निवेदन पालिका मंडळाला देऊ नकोस, त्यांच्या हातात काही नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने मंडळाची मुदत पाच वर्षं ठरवली. एका माणसाने किती वेळा निवडून यावं, यावर ती गप्प आहे. अपात्रतेच्या अटी घालायची मुभा कलम २४३-व्ही राज्याच्या विधिमंडळाला देतं, म्हणजे तुझी वाट पर्वरीला, गोव्याच्या विधानसभेत जाते. तिथे कोणी ‘असं बंधन घालताच येत नाही’ म्हणालं, तर हरयाणाचा दाखला दे. दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला पंचायतीत बंदी, ही तिथली अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये उचलून धरली. अट मला पटत नाही, दाखला कामाचा आहे.

आता खरं दुखणं. फिलिपिन्सने १९८७च्या घटनेत स्थानिक पदांना लागोपाठ तीन कार्यकाळांची मर्यादा घातली, आणि खुर्ची बायको, मुलगा, भाऊ अशी घरातल्या घरात फिरू लागली. आपल्याला हे शिकवायला नको. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की पाटी बाईंच्या नावाची आणि फोन नवरा उचलतो. आमच्या कचेरीतून एका नगरसेविकेच्या घरी सहीला फाईल जायची. सही बाईंची, शेरा भलत्याच अक्षरात.

वरच्या खुर्चीचं तर उलटंच. २००२च्या कायद्याने पणजीच्या महापौराची मुदत एका वर्षाची ठेवली. बाकी पालिकांत समझोत्याने नगराध्यक्ष बदलतो, नाहीतर अविश्वास ठराव येतो. सोपोचा, म्हणजे बाजारातल्या जागेच्या कराचा, ठेका आणि कचऱ्याची बिलं कळायला लागेपर्यंत माणूस पायउतार. मग पालिका चालवतो कोण? हेडक्लार्क, इंजिनियर आणि ठेकेदार. मी त्यांतलाच एक होतो, म्हणून सांगतो. तुझ्या दोन कार्यकाळांच्या अटीने आमचं काहीच बिघडलं नसतं.

तेव्हा मसुद्याचा भर आरक्षणाच्या रोटेशनवर ने, म्हणजे कोणता प्रभाग कधी राखीव होणार त्या पाळीवर. २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं. महिलांना एक तृतीयांश जागासुद्धा दिल्या नव्हत्या. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निवडणूक तोंडावर असताना हा सगळा घोळ. प्रभाग राखीव झाल्याचं ऐनवेळी कळलं, की तयार उमेदवार एकच असते: मावळत्या नगरसेवकाची बायको. तेच वर्षभर आधी कळलं, तर तुझ्यासारखीला घरोघरी फिरायला, गटारांची आणि घरपट्टीची गाऱ्हाणी ऐकायला वेळ मिळतो. रोटेशनचा क्रम वर्षभर आधी जाहीर करण्याची सक्ती माग. नगराध्यक्षाला निदान अडीच वर्षं माग. दोन कार्यकाळांची अट त्याच्या खाली ठेव, हवी तर. नातेवाइकांना बंदी घालणारं तुझ्या मसुद्यातलं सहावं कलम मात्र काढ, त्याने वकिलांचीच सोय होईल.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येशील तेव्हा छापील प्रत घेऊन ये. मोबाईलवर मला वाचवत नाही.

तुझा,
काका