वीस डिटेक्टर नकोत, एक धड कर

प्रिय भाऊ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे पैशांचे प्रोग्राम, तपासणाऱ्या टूलची तुझी यादी वाचली. एकेक चूक हुडकणारे वीस डिटेक्टर मांडलेस. त्यातले एकोणीस तूर्त खोड. खोट्या तक्रारींचा ढीग दिसला की डेव्हलपर अहवाल उघडायचंच सोडतो.

उरलेला एक म्हणून रीएंट्रन्सी घे, म्हणजे काम पुरं व्हायच्या आत त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये पुन्हा शिरणं. जिनिंगवाल्याने कापसाचे पैसे आधी मोजले आणि वहीत नोंद मागाहून केली, तर नोंद व्हायच्या आत तोच माणूस तीच पावती घेऊन पुन्हा खिडकीशी उभा राहतो. १७ जून २०१६ ला ‘द डाओ’ या इथेरियम ब्लॉकचेनवरच्या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर (तिथलं चलन) याच उलट्या क्रमामुळे गेले.

कोड वाचून त्याची रचना उलगडणारा पार्सर स्वतः लिहू नकोस. सॉलिडिटी, म्हणजे ही कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा, ०.४ पासून ०.८ पर्यंत इतकी बदलली की सगळा वेळ त्यातच जाईल. स्लिदर हे तयार तपासणी टूल वापर. तो सोर्स कोड स्लिथआयआर नावाच्या सोप्या मधल्या रूपात उतरवतो, त्यावर पायथॉनमध्ये आपला डिटेक्टर बसवता येतो. रीएंट्रन्सीचे डिटेक्टर त्यात आधीपासून आहेतच. तरी आपला लिही, मग दोघांचे निकाल ताडून पाहा. फरक जिथे पडेल तिथेच शिकायला मिळतं. कंपाइल न झालेली फाइल गुपचूप गाळू नकोस. अहवालात ‘तपासली नाही’ असं लिही, नाहीतर वाचणारा तिला निर्दोष धरतो.

नियम तसा एका ओळीचा: बाहेरच्या कॉलआधी व्हेरिएबल वाचलं आणि कॉलनंतर तेच बदललं, तर सांग. खरी गोची पुढे आहे. बदल बहुतेकदा त्याच फंक्शनमध्ये नसतो, आत बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनमध्ये असतो. तिथवर माग काढावा लागतो. लूपमध्ये वरची ओळ दुसऱ्या फेरीत कॉलच्या नंतर येते, म्हणून ओळींचा क्रम पाहू नकोस, कंट्रोल फ्लो, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष कोणत्या वाटेने चालतो ते, पाहा. ‘नॉनरीएंट्रंट’ (पुन्हा शिरू न देणारं कुलूप) हे मॉडिफायरचं, म्हणजे फंक्शनला जोडलेल्या अटीचं, नाव दिसलं म्हणून सोडून देऊ नकोस, नावाला काय, रिकाम्या मॉडिफायरलाही ते देता येतं. कुलूप आत खरंच तपासलं आणि लावलं जातं का ते बघ. आणि एका फंक्शनला कुलूप असून तीच शिल्लक बदलणारं दुसरं उघडं असेल, तर चोर त्या दाराने येतो. ईथर हललंच पाहिजे असंही नाही: ईआरसी-७२१ या एनएफटी टोकनांच्या मानकातलं ‘सेफट्रान्सफरफ्रॉम’ घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला स्वतःहून कॉल करतं.

ईथर पाठवणाऱ्या ‘ट्रान्सफर’मध्ये घेणाऱ्याला २३०० गॅसच (गॅस म्हणजे काम मोजायचं एकक) मिळतो म्हणून ते कायमचं सुरक्षित, असं गृहीत धरू नकोस. डिसेंबर २०१९ च्या इथेरियमच्या इस्तंबूल अपग्रेडमध्ये स्टोरेज वाचण्याचा गॅस २०० वरून ८०० झाला, दर बदलतात.

प्रत्येक प्रकारासाठी कॉन्ट्रॅक्टची जोडी ठेव: एक बिघडलेलं, एक दुरुस्त केलेलं. पहिल्यावर बोंब मारली पाहिजे, दुसऱ्यावर गप्प. दुसरी चाचणी बरेच जण लिहीतच नाहीत.

मग एकिड्ना या टूलने फझिंग कर, म्हणजे आडवेतिडवे इनपुट देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडतं का ते पाहा. ‘एकिड्ना_’ने सुरू होणारं, खरं-खोटं परत देणारं फंक्शन लिही, उदाहरणार्थ सगळ्यांच्या शिल्लकेची बेरीज कॉन्ट्रॅक्टकडच्या ईथरपेक्षा जास्त नसावी. मुळात ५०,००० चाचण्यांची मर्यादा असते. ती वाढवशील तर ‘कॉर्पसडिर’, म्हणजे सापडलेलं साठवायचा फोल्डर, नक्की दे. सापडलेले मार्ग डिस्कवर राहतात, पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून नको. मे महिन्यात हे काम रात्रीच लाव, दुपारी आपल्याकडे लॅपटॉपही धापा टाकतो.

सिम्बॉलिक एक्झिक्युशनकडे, म्हणजे आकड्यांऐवजी चिन्हं धरून प्रोग्रामच्या सगळ्या वाटा तपासण्याकडे, नंतर वळ. एकापाठोपाठ दहा ‘इफ’ म्हणजे १०२४ वाटा, लूप वेगळेच. त्या वाटांची गणितं सोडवणाऱ्या सॉल्व्हरची वेळ संपली की तो ‘अननोन’ (माहीत नाही) म्हणतो. ते ‘सुरक्षित’च्या रकान्यात टाकू नकोस.

पुढच्या पत्रासोबत तीन जोड्या पाठव: आतल्या फंक्शनची, लूपची आणि रिकाम्या मॉडिफायरची. टूलचं आउटपुट जसं आलं तसंच, न निवडता.

तुझे,
जळगावहून आम्ही