डिस्क वर चढते आणि डावीकडे कोसळते

प्रश्न : खारघरच्या सेंट्रल पार्कात आम्ही मित्र घडीची बास्केट लावून डिस्क गोल्फ (कमीत कमी फेकींत डिस्क साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळतो. मी उजव्या हाताने, बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकतो. ड्रायव्हरवर (लांब फेकीच्या डिस्कवर) 12, 5, −1, 3 असे आकडे आहेत. कितीही जोर लावला तरी डिस्क आधी वर चढते आणि मग गचकन डावीकडे पडते. हातात ताकद कमी आहे का?
– वाचक, खारघर

उत्तर : ताकद पुरेशी आहे, डिस्क चुकीची आहे. चारपैकी पहिला आकडा वेगाचा. 12 म्हणजे ही डिस्क फार वेगाने सुटली तरच ठरल्याप्रमाणे उडते. नवख्याच्या हातून तेवढा वेग निघत नाही. मग शेवटचा आकडा, म्हणजे वेग ओसरल्यावर डावीकडे वळण्याचा गुण, सुरुवातीपासूनच दिसू लागतो. ड्रायव्हर सहा महिने घरी ठेवा. एक पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि एक 5 वेगाची मिडरेंज (मधल्या पल्ल्याची), दोन्ही 165 ते 175 ग्रॅमच्या, एवढ्यावर भागतं.

वर चढण्याचं कारण वेगळं आहे. सुटताना डिस्कची पुढची कड वर असते. हवा खालून आदळते, डिस्क उठते, वेग मरतो आणि ती खाली येते. किटलीतून चहा ओतताना मनगट जसं खाली वळतं, तसंच ते फेकीच्या आधीपासून वळवून ठेवा. अंगठा वरून कडेजवळ घट्ट, चारही बोटं कडेच्या आतून. हात छातीच्या उंचीवर सरळ रेषेत मागे न्या. हात कमरेपासून वर उचलत फेकलंत, तर कड पुन्हा वर जाणार. धाव न घेता, उभ्या उभ्या पटरच्या वीस फेकी करा आणि झाडाच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीचा नेम धरा. डिस्क लटपटत गेली तर पकड सैल आहे, फिरकी मिळत नाही.

समोरून वारा असेल तर तीच डिस्क उजवीकडे कलते, पाठीमागून असेल तर लवकर खाली येते. दुपारी खाडीवरून वारा सुटला की हा फरक स्पष्ट जाणवतो.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, बास्केट एकच. ठाण्यातल्या सार्वजनिक बागेत नऊ होलचा कोर्स मांडता येईल का? चालणाऱ्यांना त्रास नको.
– वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : येईल. बास्केट मधोमध ठेवा आणि टी (पहिली फेक करायची जागा) बदलत जा. 30 ते 60 मीटरवर नऊ ठिकाणं खडूने आखा, प्रत्येकाला पार 3 (तीन फेकींत डिस्क बास्केटमध्ये जावी). एका टीवरून सहाही जणांचं होल पूर्ण झाल्यावरच पुढच्या टीकडे जा.

पायवाट ओलांडणारी फेक ठेवूच नका. उजव्या हाताच्या बॅकहँडवाल्यांसाठी पायवाट उजवीकडे असलेली बरी, कारण डिस्क शेवटी डावीकडे जाते, डावखुऱ्यांसाठी उलट. पण समोरून वारा असेल त्या दिवशी हा हिशेब धरू नका, ते होल सोडा. 175 ग्रॅमची टणक कड डोक्याला लागली तर जखम होते. म्हणून एक जण पुढे उभा राहून वाट मोकळी आहे का ते बघेल आणि त्याने हात वर केल्याशिवाय कोणी फेकणार नाही. आधी बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची (उदाहरणार्थ, पालिकेचा उद्यान विभाग) लेखी परवानगी घ्या. तलावाकाठी टी आखू नका, बहुतेक डिस्का बुडतात.

प्रश्न : डिस्क बास्केटच्या टपावर अडकली तर होल झालं का?
– वाचक, सानपाडा

उत्तर : नाही. साखळ्यांनी किंवा त्यांच्या खालच्या ट्रेने डिस्क धरली तरच. टपावरची काढा, बरोबर खाली खूण ठेवा, आणखी एक फेक. बास्केटपासून 10 मीटरच्या आतून फेकल्यावर तोल सावरेपर्यंत पाय खुणेच्या पुढे टाकायचा नाही, नाहीतर एका फेकीचा दंड. सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात.